तिसऱ्या नीटचा हप्ता भरण्याआधी

तुमच्या पत्रातला मुलीच्या दोन वर्षांच्या नीटच्या गुणांचा तक्ता मी एकदाच पाहिला. अडकलो तो खालच्या ओळीपाशी: ‘माझ्या आईला फुफ्फुसाच्या कॅन्सरनं नेलं. मुलीनं डॉक्टर होऊन त्याचं उट्टं काढावं.’ साहेब, आई तुमची होती. त्या दुःखाची परतफेड म्हणून एकोणीस वर्षांच्या पोरीला तिसऱ्या नीटसाठी रिपीटर बॅचला बसवणं मला अजिबात पटत नाही.

वर तुमची तक्रार, की ती रात्री नीटचा अभ्यास सोडून ‘सेल अ‍ॅडहीजन की काय ते’, म्हणजे पेशींच्या चिकटण्याबद्दल, वाचत बसते. अहो, आजीला नेमकं काय झालं हे घरात ती एकटीच शोधतेय!

‘डॉक्टर झाल्याशिवाय कॅन्सरवर काम करता येत नाही’ हे तुमचं म्हणणं तर साफ चूक. ती वाचते ते असं: पेशी एकमेकींना धरून असतात त्या त्यांच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांमुळे. त्यांतलं कॅडहेरिन शोधलं जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी. ते जीवशास्त्रज्ञ, दवाखाना कधी थाटला नाही. फुफ्फुसाच्या गाठीत ई-कॅडहेरिन कमी झालं, की पेशींची पकड सुटते आणि त्या रक्तावाटे मेंदूत, हाडांत पोचू शकतात. तिथं पाय रोवायला मात्र त्यांना इंटिग्रिन नावाची दुसरी चिकट प्रथिनं लागतात. म्हणजे सुटणंही घातक, चिकटणंही. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या स्मॉल सेल प्रकारात तर एनकॅम हे चिकटवणारंच प्रथिन इतकं सर्रास सापडतं, की निदानासाठी पॅथॉलॉजिस्ट ते तपासतात. हा गुंता सोडवणाऱ्यांत बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी केलेली माणसं भरपूर आहेत.

वाट सरळ आहे: बीएस्सी, एमएस्सी, मग नेट ही परीक्षा आणि पीएचडीसाठी पुण्याची पेशी-संशोधन संस्था एनसीसीएस किंवा खारघरचं टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक. बारावीनंतर थेट आयसर या विज्ञान संस्थेत जायचं, तर तिच्या प्रवेश परीक्षेला बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते, ती आधी बघा. गोड बोलून फसवणार नाही: पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये, आणि तिशीच्या आत कायम नोकरी क्वचितच.

अर्थात तिला संशोधनच करायचंय, हेही मी धरून चालत नाही. चार पानांच्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. क्लासचा हप्ता पंधरा तारखेला आहे म्हणता. त्याआधी एकदा तिच्याजवळ बसा, आणि नीटचा विषय काढू नका. आजीबद्दल बोला.