‘स्त्रीवाद शिकून पोट भरतं का?’ बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आईच्या पत्राला उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की लेक टीवायबीएला आहे, मराठी घेऊन, मार्क चांगले आहेत आणि आता तिला पुण्याला जाऊन स्त्री अभ्यासात एमए करायचंय. मिस्टर म्हणतात बीएड कर आणि नोकरीला लाग, स्त्रीवाद शिकून पोट भरतं का. शिवाय रात्री सगळे सिरियल बघत असतात तेव्हा ही वही घेऊन बसते, कोण बोललं, कुणाबद्दल बोललं ते लिहीत राहते आणि त्यावरून घरात कटकट होते. यात खरंच करिअर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. पण नुसत्या डिग्रीवर नाही. डिग्रीच्या जोडीला हातात एक काम पाहिजे आणि ते कुठलं हे एमएला जायच्या आधीच ठरवायला घ्यायला हवं.

तुमच्याच बुलढाण्याचं बघा ना. तिथल्या ताराबाई शिंदेंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे बायका-पुरुषांना वेगळा न्याय का, असा जाब विचारणारं पुस्तक लिहिलं आणि नंतर नव्वदेक वर्षं ते जवळपास विस्मरणात गेलं. मराठीचे संशोधक स. गं. मालशेंनी ते शोधून १९७५ मध्ये परत छापलं, मग १९९४ ला रोझलिंड ओ’हॅनलन यांचं इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डनं काढलं, म्हणून आज ते मराठी न येणाऱ्यांनाही वाचता येतं. यात कामं किती आहेत ते मोजा, जुनी छापील पुस्तकं धुंडाळणं, संपादन, प्रस्तावना, भाषांतर, मग शिकवणं. प्रत्येक काम शिकता येतं आणि प्रत्येकाला माणूस लागतो.

भाषांतराचं जरा जास्त सांगते कारण तुमच्या लेकीचं मराठी पक्कं आहे. बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ आणि उर्मिला पवारांचं ‘आयदान’, ही दोन्ही आत्मचरित्रं इंग्रजीत माया पंडितांनी नेली, दोन्ही २००८ ला आली. पण त्या इंग्रजीच्या प्राध्यापकही होत्या, हे लक्षात घ्या. साहित्याच्या भाषांतरावर एकट्यावर घर चालवणं अवघड आहे, मी खोटं सांगणार नाही, पगाराच्या नोकरीसोबत ते केलं तर मात्र नाव होतं आणि पुढची दारं उघडतात. म्हणून इंग्रजीवर आजपासून मेहनत, रोज एक पान मराठीतून इंग्रजीत आणि उलट.

दुसरा रस्ता संग्रहांचा. मुंबईत १९८८ पासून ‘स्पॅरो’ ही संस्था बायकांच्या मुलाखती, फोटो, कागदपत्रं जपून ठेवतेय. दिल्लीच्या ‘जुबान’ या स्त्रीवादी प्रकाशन संस्थेनं स्त्री चळवळीतली पोस्टर्स जमवून ‘पोस्टर विमेन’ नावाचा संग्रह केला. अशा कामात मुलाखत घेणं, रेकॉर्डिंग उतरवून काढणं, नोंदी लावणं येणारी मुलगी लागते, आणि वऱ्हाडी बोलणाऱ्या एखाद्या आजीचं बोलणं शब्द न बदलता कागदावर उतरवायचं तर वऱ्हाडी कानच लागतो, तो तुमच्या लेकीकडे आहेच.

आता ती वही. ताई, ती बंद करायला लावू नका. अमेरिकेतल्या चित्रकार ॲलिसन बेक्डेल यांनी १९८५ मध्ये एका कॉमिकमधून एक कसोटी मांडली, सिनेमात दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. जगभर लोक सिनेमे त्यावर तपासतात, तुमची लेक आपल्या मनानं तेच करतेय. तिला सांगा की एकच सिरियल धर, महिनाभराचे एपिसोड नीट नोंदव, सासू-सून कशावर बोलतात, पैशावर किती, कामावर किती, तब्येतीवर किती, आणि त्यावर दोन हजार शब्दांचा लेख लिही. उद्या चॅनेलच्या लेखन टीममध्ये, सबटायटलच्या कामाला किंवा मासिकात अर्ज करताना हा लेख मार्कशीटपेक्षा जास्त बोलेल.

कॉलेजांचं थोडक्यात. पुणे विद्यापीठाचं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र, मुंबईत टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र जे १९७४ पासून आहे. प्रवेशाचे यंदाचे नियम त्यांच्या वेबसाइटवरच बघा. नेटला, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेला, हा विषय आहे, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार, पीएचडी करताना घरावर भार नाही. पण फक्त प्राध्यापकीच्या आशेवर बसू नका, या विषयात कायम जागा मोजक्याच निघतात आणि बरीच पदं कंत्राटी असतात. मिस्टरांची काळजी इथं रास्त आहे. त्यांना एवढंच सांगा की बीएला मराठी असल्यानं बीएडचा रस्ता एमएनंतरही बंद होत नाही.

आणि एक करा, त्यांना सोबत घेऊन तिघंही एकदा पुण्याला केंद्रात जाऊन या. तिथल्या शिक्षकांना सरळ विचारा की मागच्या बॅचच्या मुली आता काय करतात, कुणाला पगार सुरू झाला, होस्टेलचं काय. शक्य असेल तर शिकणाऱ्या दोन-तीन मुलींशीही बोला. उत्तर नीट मिळालं नाही तर मला कळवा, मग आपण टिस आणि एसएनडीटीचं बघू.