वाचकांचे प्रश्न : वाफेची यंत्रं आणि ‘१९८४’

प्रश्न : जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीवरून पाच स्टीमपंक (वाफेच्या यंत्रांची काल्पनिक दुनिया दाखवणारी) चित्रं काढली आहेत. ती इंटरनेटवर टाकली, पोस्टकार्डं छापून विकली तर चालेल का? (परभणी)

भारतात चालेल. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये वारले, त्यामुळे इथला हक्क २०१०च्या अखेरीस संपला. अमेरिकेत तो २०४४ संपेपर्यंत आहे, म्हणून पोस्टकार्डं तिकडे विकायला पाठवू नका. मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. चित्रात वाक्य हवंच असेल तर मूळ इंग्रजीवरून स्वतः मराठी करा. कादंबरीवरच्या चित्रपटातल्या नटांचे चेहरे आणि पोस्टरची मांडणीही उचलू नका.

चित्राखाली ‘जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’वरून सुचलेलं’ असं लिहा आणि पुढे तुमचं नाव, वर्ष, माध्यम, आकार द्या. चित्राचा हक्क काढल्या क्षणापासून तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी कच्ची रेखाटनं तारीख घालून जपा. कुणी चित्र उचललं तर तीच कामाला येतात.

प्रश्न : दातेरी चाकं, नळ्या, घड्याळं सगळं घातलं तरी यंत्र खोटंच वाटतं. कुठे चुकतं? (लातूर)

चाकं नुसती चिकटवली की असं होतं. आधी पेन्सिलीनं वाफेची वाट काढा : पाण्याची टाकी, भट्टी, बॉयलर, नळी, सिलिंडर, दट्ट्या, फ्लायव्हील (गती टिकवणारं जड चाक) आणि शेवटी वापरलेली वाफ बाहेर पडायची जागा. ही वाट कुठे तुटली तर तपशील कितीही भरा, डोळ्याला ते जाणवतंच. बॉयलरला धुराडं, प्रेशर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच. पत्र्याच्या जोडावर दोन रिव्हेटांतलं अंतर रिव्हेटच्या जाडीच्या साधारण तिप्पट ठेवा.

एकमेकांत बसणाऱ्या चाकांचे दाते एकाच मापाचे हवेत. २० आणि ६० दात्यांची जोडी घ्या. मॉड्यूल (दात्याचं माप, म्हणजे व्यास भागिले दात्यांची संख्या) २ मिमी धरला तर मूळ वर्तुळांचे, म्हणजे जिथे दोन चाकं एकमेकांना टेकतात त्या वर्तुळांचे, व्यास ४० आणि १२० मिमी होतात, दोन्ही केंद्रांत ८० मिमी अंतर पडतं. लहान चाकावर दर १८ अंशांवर दाता येतो, त्यातले ९ अंश दात्याचे आणि ९ खाचेचे. मोठ्यावर हेच दर ६ अंशांनी. दाता मूळ वर्तुळाच्या बाहेर २ मिमी, खाच आत अडीच मिमी. शेजारची चाकं उलट दिशांनी फिरतात, म्हणून तीन चाकं एकमेकांना भिडवून गोल केला की सगळी जाम होतात. ही चूक फार दिसते.

आता कादंबरीकडे. ‘१९८४’चा नायक विन्स्टन याच्या टेबलापाशी कागद आणून टाकणाऱ्या हवेच्या नळ्या आहेत. अशी नळ्यांची टपाल लंडनमध्ये १८५३ पासून वाफेच्या इंजिनावर चालत होती, म्हणजे तुमचा दुवा आयता तयार आहे. इंजिन, हवापंप, नळी, आत डबी असा क्रम दाखवा. वळणं रुंद ठेवा, काटकोनात डबी अडकेल. टेलिस्क्रीनसाठी (कादंबरीतला, माणसांवर पाळत ठेवणारा पडदा) बोलण्याची पितळी नळी, भिंग आणि आरसे घ्या. तो मंद करता येतो पण बंद करता येत नाही, हे दाखवायला व्हॉल्व्हच्या चाकाला एक खुंटी काढा : चाक पाऊण फिरतं आणि खुंटीवर अडतं. कादंबरीतली घुसमट पन्नास चाकांपेक्षा या एका खुंटीत जास्त उतरेल.

लंडनचं धुकंच हवं असंही नाही. एकेकाळी लातूरपर्यंत येणाऱ्या बार्शीच्या अडीच फुटी रेल्वेचे (ती आता ब्रॉडगेज झाली) जुने फोटो, संभाजीनगरची पाणचक्की, आसपासच्या जुन्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे सांगाडे बघून रेखाटा. बेल्ट कुठून कुठे जातो, हे कारखान्यात नीट कळतं.

प्रश्न : सोनेरी रंगानं रंगवलेलं पितळ स्कॅन केल्यावर मातकट दिसतं. (जालना)

स्कॅनरचा दिवा तिरपा पडतो आणि सोनेरी रंगातली चकाकी सेन्सरकडे न येता भलतीकडे जाते. चित्र पुन्हा करायचं नसेल तर खिडकीशी ठेवून फोनवर फोटो घ्या. फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीसमोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा धरा.

पुढच्या वेळी सोनेरी रंग वापरूच नका. जलरंगात यलो ऑकरचा पातळ थर, वाळल्यावर बर्न्ट सिएना, सावलीत बर्न्ट अंबरमध्ये किंचित अल्ट्रामरीन. नळीच्या रुंदीत एक तृतीयांश अंतरावर कोरा कागद पट्टीसारखा सोडा, त्याला लागूनच सर्वांत गडद रेघ, आणि सावलीच्या कडेला पुन्हा उजेडाची केसाएवढी रेघ. पितळ चमकतं ते या विरोधामुळे. रेषांची शाई वॉटरप्रूफ नसेल तर पहिल्याच थरात ती पसरेल. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात थर हातात असतानाच वाळतो आणि कडेला डाग धरतो. सकाळी लवकर बसा, ३०० जीएसएमचा (जाड) कागद दोन्ही बाजूंनी ओला करून मगच रंग लावा.

प्रश्न : ग्रुपवर टाकलेलं चित्र अंधूक का होतं? (नांदेड)

व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ स्कॅन ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवा (ए-४ कागदाला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल) आणि शेअर करायला लांब बाजू २००० पिक्सेलची प्रत वेगळी काढा. छपाईच्या प्रतीत मात्र चारही बाजूंना ३ मिमी रंग जास्तीचा सोडा, नाहीतर कटिंगनंतर कडेला पांढरी रेघ राहते.