‘नूस’ म्हणजे मन की बुद्धी?

प्रश्न असा आला आहे: बायबलच्या नव्या करारात, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात ‘मनाच्या नवीकरणाने’ स्वतःचं रूपांतर होऊ द्या असं म्हटलंय. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल ‘बुद्धीने’ प्रार्थना करण्याबद्दल बोलतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द, ‘नूस’. मग खरा अर्थ कोणता, मन की बुद्धी? अनुवादकाची गफलत झाली आहे का?

गफलत नाही. माझं ग्रीक कोशाच्या काठीला टेकून चालणारं आहे, पण इतकं नक्की सांगता येईल की ‘नूस’ला मराठीत एकच शब्द लावून चोवीस तास भागत नाही. मला विचाराल तर दोन्हींपेक्षा जवळचा एक तिसराच शब्द आहे, त्याकडे येतोच.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘नूस’ आणि आपलं ‘मन’ यांचं रक्ताचं नातं नाही. संस्कृत ‘मनस्’ची सख्खी ग्रीक बहीण ‘मेनोस’. होमरच्या काव्यात मेनोस म्हणजे आवेश, अंगात चढणारा जोर, रणात वीराला देवता फुंकून देते तो. नव्या करारात हा शब्द नाहीच. त्याच धातूतली ‘मानिया’ मात्र प्रेषितांच्या कृत्यांत भेटते: पौलाचं भाषण ऐकून रोमी सुभेदार फेस्त ओरडतो, फार विद्येनं तुला वेड लागलंय, तिथे. लॅटिन ‘मेन्स’ आणि इंग्रजी ‘माइंड’ ही आपल्या ‘मति’ची भावंडं. म्हणजे मूळ धातू पाहिला तर इंग्रजी वाचकाच्या बायबलात मती आहे, मराठी वाचकाच्या बायबलात मन आहे आणि ग्रीक मुळात यांपैकी कोणीच नाही. ‘नूस’ची व्युत्पत्ती पक्की लागलेली नाही.

व्युत्पत्ती नसली तरी वापर बोलका आहे. ‘नूस’चं क्रियापद ‘नोएइन’. ओडिसीच्या सतराव्या सर्गात ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी येतो. दाराशी शेणाच्या ढिगावर त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस गोचिडांनी भरून पडलेला. माणसांपैकी कोणाला मालक कळत नाही, कुत्र्याला कळतो, आणि होमर तिथे हेच क्रियापद वापरतो. तो शेपूट हलवतो, कान पाडतो. ‘नोएइन’ म्हणजे तर्काच्या पायऱ्या चढत जाणं नव्हे. समोर जे आहे ते काय आहे हे एकदम उमगणं, ताडणं. म्हणून निव्वळ ‘बुद्धी’ म्हटलं की काहीतरी निसटतं. आपल्याकडे बुद्धी शाळेत जाते, गणितं सोडवते. आर्गोसनं गणित सोडवलं नव्हतं.

पुढे तत्त्वज्ञांनी शब्द उचलला आणि त्याला उंच आसनावर बसवलं. अनॅक्सागोरसनं तर सगळं विश्व नूसनंच मांडून ठेवलंय असं म्हटलं, आणि लोकांनी त्याचंच नाव ‘नूस’ पाडलं. प्लेटोच्या ‘फाइद्रोस’मध्ये जीव म्हणजे दोन पंखवाल्या घोड्यांचा रथ, आणि परम सत्य दिसतं ते फक्त नूसला, तिथे प्लेटो त्याला जिवाचा सुकाणूधारी म्हणतो. मराठी वाचकाला इथे कठोपनिषद आठवल्याशिवाय राहणार नाही: शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. या दोन चित्रांत कोणी कोणाकडून घेतलं या वादात मी पडत नाही. पण शब्दार्थासाठी त्याचा उपयोग मोठा आहे. आपल्या अंतःकरणचतुष्टयात (मन, बुद्धी, चित्त, अहंकार) मन म्हणजे संकल्प-विकल्प करणारं, घिरट्या घालणारं. ठरवते ती बुद्धी. प्लेटोचा नूस त्या हिशेबानं निःसंशय बुद्धी आहे. लगाम नव्हे, सारथी.

प्रश्न इथेच संपला असता, पण पौल प्लेटोचा शिष्य नव्हता. तो ग्रीक बोलणारा यहुदी होता, आणि त्याच्या शास्त्राच्या हिब्रू भाषेत ‘मन’ असा वेगळा शब्द नाही. हिब्रूत विचार करतं ते हृदय, ‘लेव’. शलमोन राजा देवाकडे मागतो ते ऐकणारं हृदय, आणि मागतो कशासाठी, तर न्याय करायला, बरं-वाईट ओळखायला. भावनांचा मुक्काम त्याहून खाली, पोटात. दया येणं यासाठी शुभवर्तमानांत जे क्रियापद आहे त्याचा अक्षरार्थ आतडी हलणं असा. ‘आतडं तुटणं’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यासाठी कोश उघडायची गरज नाही.

आता आकडे. ‘नूस’ नव्या करारात 24 वेळा येतो. त्यांतले 21 पौलाच्या नावावरच्या पत्रांत, दोन प्रकटीकरणात, आणि चारही शुभवर्तमानांत मिळून फक्त एकदा, लूकच्या शेवटच्या अध्यायात: पुनरुत्थित येशू शिष्यांना शास्त्र समजावं म्हणून त्यांचा ‘नूस’ उघडतो. म्हणजे हा जवळजवळ पौलाचाच शब्द. तेव्हा पौल तो कसा वापरतो हे पाहिल्याशिवाय निकाल देता येणार नाही.

आणि इथे रोमकरांस पत्रात एक अशी गंमत आहे जी मराठीतच काय, बहुतेक भाषांतरांत दिसत नाही. ग्रीकमध्ये ‘दोकिमाझेइन’ म्हणजे पारखणं, कस लावणं. अथेन्सच्या बाजारात इ.स.पू. चौथ्या शतकात चांदीची नाणी तपासायला एक सरकारी गुलाम बसवलेला असे, त्याचं पदच ‘दोकिमास्तेस’, पारखी. त्याच्या कसोटीला जे उतरलं नाही ते ‘अदोकिमोस’, खोटं नाणं. पहिल्या अध्यायात पौल लिहितो की लोकांनी देवाला ओळखून ठेवणं ‘पसंतीस उतरवलं’ नाही, म्हणून देवानं त्यांना ‘अदोकिमोस नूस’च्या हवाली केलं. वाक्याचे दोन्ही भाग एकाच धातूवर उभे आहेत. तुम्ही देवाला पारखून नापास केलंत ना, मग घ्या, तुमची पारखच खोटी निघाली. अकरा अध्याय उलटून बाराव्यात येतो तेव्हा हाच जोड परत दिसतो: नूस नवा होऊ द्या, कशासाठी, तर देवाची इच्छा काय आहे हे ‘दोकिमाझेइन’ करता यावं म्हणून. पहिल्या अध्यायात बिघडलेला तराजू बाराव्यात दुरुस्त होऊन परत दुकानात आला आहे.

हे एकदा दिसलं की ‘मनाच्या नवीकरणाने’ हे शब्द वाचताना कानाला खटकतं. मराठीत मन नवं होणं म्हणजे ताजंतवानं होणं, मरगळ जाणं. चार दिवस कोकणात जाऊन आलं की होतं तसं. पौल म्हणतोय ते पारख परत मिळण्याबद्दल. यासाठी माझी निवड ‘मती’. मराठीत मती फिरते, मती गुंग होते, मती भ्रष्ट होते, आणि ‘देव त्याला सुमती देवो’ असंही आपण म्हणतो. म्हणजे ती समज आहे, कलही आहे, निर्णयही आहे. बिघडू शकते आणि बाहेरून सुधारून मिळूही शकते. पौलाचा नूस नेमका असाच आहे. प्लेटोचा सारथी सहसा चुकत नाही, चुकतात घोडे. पौलाचा सारथीच आंधळा होऊ शकतो. तीताला लिहिलेल्या पत्रात तर नूस मळतोसुद्धा.

‘मती’ आज जरा पोथीतली वाटते हे कबूल. रोजच्या बोलण्यात ‘मती’ एकटी क्वचितच येते, ‘फिरली’ मागे घेऊनच येते. कोणी ‘जाण’ सुचवेल. तेही चांगलं आहे, पण ‘भ्रष्ट जाण’ म्हणवत नाही.

करिंथकरांकडे वळू. तिथल्या मंडळीत लोक आत्म्याच्या आवेशात अनोळखी भाषांत बोलत, आणि शेजारच्याला त्यातलं अक्षर कळत नसे. पौल म्हणतो, अशा वेळी माझा आत्मा प्रार्थना करतो, पण माझा नूस निष्फळ राहतो. मंडळीत असे दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा इतरांना शिकवता येतील असे पाच शब्द नूसनं बोललेले मला बरे. दहा हजार, ‘मुरिओइ’, ही ग्रीकमधली एका शब्दात मावणारी सर्वांत मोठी संख्या. आपण ‘लाखभर शब्द’ म्हणू तसं. इथे ‘बुद्धी’ चपखल बसते, कारण विरोध आवेश आणि आकलन यांच्यातला आहे. ‘मनाने प्रार्थना’ असं केलं असतं तर उलटाच अर्थ झाला असता: मराठीत ‘मनातल्या मनात’, किंवा ‘मनापासून’. अनुवादकानं तो खड्डा चुकवला, याबद्दल त्याला मी शाबासकीच देईन.

पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ‘आम्हांला ख्रिस्ताचे मन आहे’ असं आहे, आणि तिथे ‘मन’च हवं. त्याआधी पौल जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचं वचन देतो: प्रभूचा नूस कोणी जाणला? यशयाच्या हिब्रूत हा शब्द ‘रूआख’ आहे, म्हणजे वारा, श्वास, आत्मा. ख्रिस्तपूर्व काळात यहुद्यांनी शास्त्राचं ग्रीक भाषांतर केलं तेव्हा त्या अनुवादकानं ‘आत्मा’ सोडून इथे ‘नूस’ लिहिलं, कारण संदर्भ सल्लामसलतीचा होता: त्याला शिकवणारा कोण, त्याच्या मनात काय आहे हे कोणाला कळलं? मराठीत आपण नेमकं हेच म्हणतो, ‘साहेबांच्या मनात काय आहे कोणास ठाऊक’. इथे मन म्हणजे बेत, आशय. मला मजा वाटते ती याची की तो जुना अनुवादक आणि आपला मराठी अनुवादक एकाच पेचात सापडले होते, आणि दोघांनीही संदर्भ पाहून शब्द बदलला.

या ‘ख्रिस्ताच्या नूस’वरून चौथ्या शतकात केवढा वाद पेटला होता! लाओदिकेयाचा बिशप अपोलिनारिस म्हणू लागला की येशूला शरीर माणसाचं होतं, पण माणसाचा नूस नव्हता, त्या जागी साक्षात दैवी शब्द होता. 381 सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेनं हे मत पाखंड ठरवलं. त्याचा विरोधक, धर्मपंडित नाझियान्झसच्या ग्रेगरीचा युक्तिवाद साधा होता: जे धारणच केलं नाही ते बरं कसं होणार? माणसाचं पहिलं बिघडलं ते नूस, आणि नेमकं तेच वगळायचं?

आणखी दोन जागा धावत्या. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ‘चित्तवृत्ती’ आहे, पण तिथे नूस नाही. ‘फ्रोनेइन’ हे क्रियापद आहे, कल असणं, धोरण ठेवणं. ‘चित्तवृत्ती’ त्याला झकास. चौथ्या अध्यायात मात्र नूस आहे: सगळ्या ‘बुद्धिसामर्थ्याच्या’ पलीकडची शांती. इथे ‘मनाच्या पलीकडची’ केलं असतं तर आपला वाचक थेट समाधीला जाऊन पोचला असता. मन, बुद्धी, चित्त हे शब्द मराठीत रिकामे येत नाहीत, वेदान्ताचं गाठोडं डोक्यावर घेऊनच येतात. केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवणाऱ्या पंडिता रमाबाईंना हे गाठोडं किती वजनाचं आहे हे आतून माहीत होतं. त्यांचा जन्मच पुराणिकाच्या घरचा.

प्रश्नाच्या शेवटी एक उपप्रश्न आहे: ‘मेतानोइया’, ज्याला आपण पश्चात्ताप म्हणतो, त्यातही हाच नूस आहे का? आहे. ‘मेता’ म्हणजे नंतर, आणि पुढे बदल. जुन्या ग्रीकमध्ये ‘मेतानोएइन’ म्हणजे मागाहून कळणं, आपली पश्चात्बुद्धी. त्याच्या विरुद्ध ‘प्रोनोएइन’, आधी ओळखणं. तिथून ‘मत पालटणं’, आणि ‘परत फिरा’ म्हणणाऱ्या हिब्रू संदेष्ट्यांच्या सावलीत ‘जगण्याची दिशाच पालटणं’. लॅटिनमध्ये त्याचं ‘पेनितेन्तिया’ झालं, त्यात प्रायश्चित्ताचा वास आला, आणि 1518 मध्ये मार्टिन ल्यूथरनं आपल्या गुरूला पत्र लिहून सांगितलं की ग्रीक शब्द पाहिल्यावर मला हा अर्थ नव्यानं कळला. मराठी ‘पश्चात्ताप’मध्ये ‘पश्चात्’ बरोबर ‘मेता’च्या जागी बसलाय, नूसच्या जागी मात्र ‘ताप’ आलाय, पोळणं. ‘उपरती’ अर्थानं जवळ आहे, पण तिला विरक्तीचा रंग आहे.

मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदा चांदीची तीस नाणी परत करायला जातो, तिथे मूळ शब्द मेतानोइया नाही. ‘मेतामेलेस्थाइ’ आहे, म्हणजे मनाला लागून राहणं, हळहळणं. मराठी अनुवादकानं फरक राखला आणि तिथे ‘पस्तावला’ घातलं. पंचाईत एवढीच की ‘पस्तावा’ हा ‘पश्चात्ताप’चाच प्राकृतातून झिजून आलेला मुलगा.