‘गुड टाइम्स’ या जुन्या अमेरिकन मालिकेत बापाला मध्येच का मारलं? त्यानेच भांडणं केली होती ना? आणि आता बघायची तर कुठून सुरू करू?

काढून टाकलं म्हणून मारलं. बापाचं, म्हणजे जेम्सचं, काम करणारे जॉन एमॉस तिसऱ्या सीझननंतर, १९७६ मध्ये, निर्मात्यांना नकोसे झाले. मग चौथ्या सीझनच्या तोंडावर मिसिसिपीहून तार आली की जेम्स मोटारीच्या अपघातात गेला. तिकडे गॅरेजात धंदा जमला म्हणून गेला होता बिचारा, इकडे शिकागोत सामान बांधून झालेलं, घरात निरोपाची पार्टी. एवढ्यावर उत्तर संपतं. पण ‘त्यानेच भांडणं केली होती ना’ हे वाचलं आणि मला गप्प बसवेना.

केली भांडणं. कशावरून, ते बघा. मालिका सीबीएस वाहिनीवर फेब्रुवारी १९७४ मध्ये सुरू झाली. यातली आई फ्लॉरिडा ही आधी ‘मॉड’ मालिकेतली मोलकरीण. तिच्यावर वेगळी मालिका काढायचं ठरलं तेव्हा तिचं काम करणाऱ्या एस्थर रोल यांनी अट घातली की घरात नवरा हवा, पोरांना बाप हवा. आईबाप दोघंही असलेलं कृष्णवर्णीय घर तेव्हाच्या विनोदी मालिकांत शोधून सापडत नसे. म्हणजे जेम्स जन्माला आला तोच एका बाईच्या हट्टामुळे. पुढे थोरला जेजे ‘डायनोमाइट!’ ओरडला की प्रेक्षक टाळ्या पिटायला लागले आणि लेखकांना आयतं कुरण मिळालं. मायकलसारखा हुशार धाकटा कोपऱ्यात गेला. रोलबाईंनी १९७५ मध्ये ‘एबनी’ मासिकात स्पष्ट सांगितलं की अठरा वर्षांच्या, काम ना धंदा अशा पोराचं कौतुक त्यांना पटत नाही. एमॉस सेटवर तेच बोलत राहिले. रोल राहिल्या, एमॉस गेले.

आता आमच्या घरचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शिकागोच्या दक्षिण भागात एका वृद्धाश्रमात आयाबाईचं काम करायचे. (इथे त्याला नर्सिंग असिस्टंट म्हणतात, काम तेच.) दुपारी हॉलमधल्या टीव्हीवर जुन्या मालिका लागायच्या. एक आजोबा होते, उभा जन्म पोलादाच्या कारखान्यात गेलेला. रिमोट त्यांच्याकडे. जेजे दारातून आत आला की आवाज बंद. जेम्स आला की आवाज पुन्हा सुरू, तोही असा की पलीकडच्या खोलीतल्या बाई ओरडायच्या. मी एकदा विचारलं, बाकीच्यांना हसू द्या की. त्यांनी नुसता अंगठा त्या रिमोटवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला आणि गप्प बसले. त्या दिवशी नेमका तो भाग होता ज्यात जेम्स सारखा भडकतो आणि घरच्यांना शंका येते की ह्याला ब्लडप्रेशर आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांत हा आजार जास्त, आणि १९७४ मध्ये विनोदी मालिकेत हे कोण सांगत होतं? आजोबांचा आकडा काय आला ते सांगत नाही, पण डॉक्टरांना फोन करावा लागला.

त्याच सुमारास ह्यांची नोकरी गेली होती. गोदामात सुपरवायझर जादा तासांचे पैसे बुडवायचा, हे त्याच्या वरच्या साहेबाकडे गेले, पुढच्या महिन्यात ह्यांचंच नाव कमी झालं. एका रविवारी भावोजी आणि जाऊबाई जेवायला आले. पानं वाढलेली, टीव्हीवर ‘गुड टाइम्स’. घरभाड्याचा भाग: पैसे नाहीत, सामान रस्त्यावर यायची वेळ, आणि जेम्स पूल खेळून पैसे मिळवायला बाहेर पडतो. भावोजी भात कालवता कालवता म्हणाले, “काळ्यांचं हे असंच. नोकरी टिकवायची अक्कल नाही आणि ताठा केवढा.” मग एमॉसची गोष्टही त्यांनीच काढली, कुठेतरी वाचली होती. “मालकाशी वाद घातला की हेच होतं. पगार घ्यावा, मान खाली घालावी.” हे पानावरून उठले नाहीत, पण पुढे ताकसुद्धा घेतलं नाही. मी म्हटलं, “भावोजी, ज्याने मान खाली घातली नाही त्याच्याच जिवावर ती मालिका तीन वर्षं चालली.” जाऊबाईंनी लगेच लोणच्याचा विषय काढला. त्या वादाचा निकाल अजून लागायचाय, म्हणून इथे लावते.

एमॉस बाहेर पडले आणि १९७७ मध्ये गुलामगिरीवरच्या ‘रूट्स’ मालिकेत मोठेपणीचा कुंटा किंटे, म्हणजे आफ्रिकेतून आणलेला गुलाम, झाले. अख्ख्या अमेरिकेने ते बघितलं. इकडे मालिकेचं काय झालं? चौथ्या सीझननंतर खुद्द रोलबाई सोडून गेल्या. आई नाही, बाप नाही, आणि पोरं एकटी त्या फ्लॅटमध्ये. जी अट घालून मालिका सुरू झाली तिचंच वाटोळं. सहाव्या सीझनला त्या परत आल्या, पण तोवर उशीर झाला होता, १९७९ मध्ये दुकान बंद. बोलणाऱ्या माणसाला काढलं की घर शांत होतं म्हणतात ना, ते असं शांत होतं.

आणि ‘नोकरी टिकवायची अक्कल’ म्हणाल तर जेम्स मिळेल ते काम करतो, कधी दोन-दोन. शिक्षण नाही, म्हणून दारं बंद. मालिकेच्या सुरुवातीला ज्या इमारती दिसतात त्या कॅब्रिनी-ग्रीनच्या, शिकागोतल्या गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीच्या. मूळ कल्पना ज्या दोघांची, त्यातला एरिक मॉन्टी तिथेच वाढलेला. तिथून गर्भश्रीमंतांचा गोल्ड कोस्ट चालत जाण्याच्या अंतरावर. मी बसमधून जायचे, खिडकीतून दोन्ही दिसायचं. शेवटची उंच इमारत २०११ मध्ये पाडली.

कुठून सुरू करू विचारलंत तर पहिल्यापासून, आणि तिसऱ्या सीझनला थांबा. मायकल बुद्ध्यांक चाचणी अर्धवट सोडून येतो तो भाग चुकवू नका, आणि ती शेजारची म्हातारी मीटलोफ (खिम्याची भाजलेली वडी) घेऊन येते तोही. (ते कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्याचं आहे की काय, अशी शंका यायला लागली की माझं हसू गळ्यातच अडकतं.) चौथ्यातला जेम्स गेल्यानंतरचा तेवढा प्रसंग बघा, रोलबाई दिवसभर रडत नाहीत आणि मग सरबताचं काचेचं भांडं जमिनीवर आपटतात. पाचव्यात छोटी जॅनेट जॅक्सन आहे, तिच्यासाठी बघायचं तर बघा. भिंतीवरची चित्रं जेजेची म्हणून दाखवतात, ती खरं तर चित्रकार अर्नी बार्न्स यांची. त्यांचं ‘शुगर शॅक’ हे चित्र २०२२ मध्ये लिलावात दीड कोटी डॉलरच्या वर गेलं.

जेजे झालेल्या जिमी वॉकरवर राग काढू नका हेही सांगायला हवं. तो स्टँडअपवाला, त्याला जे लिहून दिलं ते त्याने केलं. आणि एमॉस यांनीही नंतर कबूल केलंय की त्यांना गोडीत बोलता येत नव्हतं. आमच्या ह्यांनाही येत नाही. पुढे ह्यांनी टॅक्सी चालवली, मग स्वतःचे दोन ट्रक घेतले. भावोजींचा धाकटा त्यातलाच एक चालवतो, पगार वेळेवर मिळतो, आणि जादा तासांचे पैसेही.