वाचकांचे प्रश्न : शिनाण्यांवरून समुद्रातलं तेल कसं ओळखायचं?

प्रश्न : पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. शिनाणे, म्हणजे खडकांना चिकटून राहणारे शिंपले, तपासून पाण्यातलं तेल कळतं असं वाचलं. महाविद्यालयाच्या गटाने नमुने कसे गोळा करावेत? पाण्याचीच बाटली का पाठवू नये? (मालवण)

उत्तर : बाटली फक्त त्या क्षणापुरतं सांगते, पुढच्या भरतीला ते पाणी तिथे नसतं. शिवाय तेलातले पीएएच, म्हणजे बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन (ही संयुगं धुरातही असतात), पाण्यात फार विरळ असतात. शिनाणे खडक सोडत नाहीत, सतत पाणी गाळतात आणि ही संयुगं फोडणारी त्यांची विकरं दुबळी असतात. त्यामुळे मागच्या काही आठवड्यांचा हिशेब मांसात जमा होतो. अमेरिकी सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये ही कल्पना मांडली. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा 'मसल वॉच' (शिनाण्यांवर नजर) कार्यक्रम १९८६ पासून चालू आहे.

किमान तीन जागा निवडा: जेटीजवळची, मधली आणि वर्दळीपासून लांबची. प्रत्येक जागी ५ ते ८ सेंटिमीटर लांबीचे तीस शिनाणे एकत्र करून एक नमुना, आणि असे तीन नमुने. ओढून उपटू नका, आतलं मांस फाटतं. चिकटणारे तंतू सुरीने कापा. चिखल तिथल्याच समुद्राच्या पाण्याने धुवा. हेक्झेन या द्रावकाने पुसून वाळवलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, मग पिशवीत घालून बर्फात ठेवा आणि घरी गेल्यावर उणे २० अंशांवर. मांस थेट प्लास्टिकला लागू देऊ नका.

बहुतेक नमुने बिघडतात ते समुद्रामुळे नाही, माणसांमुळे. होडीचं इंजिन चालू, हातावर सनस्क्रीन, शेजारी कोणाची तरी सिगारेट. म्हणून फॉइलचा एक रिकामा तुकडा नमुने काढेपर्यंत उघडा ठेवून तोही प्रयोगशाळेत पाठवा. त्यात पीएएच निघाले तर दोष तुमच्या हाताळणीचा. धातूंच्या तपासणीआधी पोट रिकामं व्हावं म्हणून शिंपले स्वच्छ पाण्यात ठेवतात. इथे तसं करू नका, हलकी संयुगं निघून जाऊ लागतात.

महिना ठरवून घ्या आणि दरवर्षी तोच पाळा. अंडी सोडल्यावर शिनाण्यांची चरबी घटते, पीएएच चरबीत बसतात, म्हणून पाणी तेवढंच घाण असूनही आकडा खाली येतो. पावसाळ्यात गोडं पाणी आलं की ते शिंपा मिटून बसतात, गाळणंच थांबतं. अहवालात चरबीची टक्केवारी आणि कोरडं वजन दोन्ही मागा. ओल्या मांसात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे एकाचा ओल्या वजनावरचा आकडा दुसऱ्याच्या कोरड्या वजनावरच्या आकड्याशी ताडून पाहणं निरर्थक.

जिथे शिनाणे नाहीत तिथे स्वच्छ जागचे आणून प्लास्टिकच्या जाळीत, पाण्याखाली मीटरभर, चार ते सहा आठवडे टांगा. टांगण्याच्या दिवशीच एक नमुना बाजूला गोठवून ठेवा. तो नसेल तर फरक कशाशी मोजणार? जाळीवर शेवाळ चढलं की आतले उपाशी राहतात, ते अधूनमधून घासत राहा. डांबर लावलेल्या खांबाला टांगलंत तर खांबाचंच डांबर मोजाल.

हे काम तेल येण्याआधी सुरू करायचं असतं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल सांडलं. अशा वेळी अपघातानंतर धावत जाऊन काढलेला नमुना एकटाच उरतो. त्यातलं नवं किती, आधीचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

प्रश्न : मासे का नाही तपासत? (अलिबाग)

उत्तर : माशांचं यकृत पीएएच झपाट्याने फोडतं, मांसात फारसं काही सापडत नाही. शिवाय मासा कुठून पोहत आला ते कोण सांगणार!

प्रश्न : अहवालात फक्त 'एकूण पीएएच' असा एक आकडा आला. हे तेल की धूर? (रत्नागिरी)

उत्तर : त्या एका आकड्यावरून कळणार नाही. जीसी-एमएसवर (संयुगं वेगळी करून ओळखणारं यंत्र) अल्किल शाखा, म्हणजे कार्बनच्या छोट्या साखळ्या, असलेले नॅप्थलीन, फेनँथ्रीन आणि डायबेंझोथायोफीन वेगळे मोजून मागा. मूळ संयुगांपेक्षा शाखा असलेली जास्त, तर कच्चं किंवा इंधनाचं तेल. उलट असेल तर ज्वलन. फ्लुओरँथीनला फ्लुओरँथीन आणि पायरीनच्या बेरजेने भागा: ०.४ पेक्षा कमी म्हणजे तेलाकडे, ०.५ पेक्षा जास्त म्हणजे लाकूड-कोळशाच्या धुराकडे कल. शिंपल्यांत हे गुणोत्तर थोडं सरकतं, म्हणून निव्वळ त्यावर निकाल देऊ नका. किनाऱ्यावरचा डांबरगोळा काचेच्या बरणीत सोबत पाठवा. उन्हापाण्यात सहज न विरणाऱ्या होपेन संयुगांचे ठसे जुळतात का, ते पाहता येतं.

प्रश्न : तवंग गेला, तर कालवं खावीत का? (मुरूड)

उत्तर : तवंग गेला तरी लगेच नको. रॉकेलचा वास येत असेल तर टाकाच, पण वास नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि उकळून पीएएच जात नाहीत. युरोपीय संघाची मर्यादा ओल्या मांसात बेंझो-ए-पायरीन ५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो आणि चार ठरावीक पीएएच मिळून ३० अशी आहे. स्वच्छ पाण्यात कालवं काही आठवड्यांत सुधारतात, मात्र खडकांच्या फटींत किंवा चिखलात तेल अडकलं असेल तर ते पुन्हा पुन्हा मिळत राहतं. अलास्कात १९८९ च्या 'एक्सॉन वाल्डीझ' गळतीनंतर शिंपल्यांच्या दाट थरांखाली तेल वर्षानुवर्षं टिकलं होतं. म्हणून पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन नमुने तपासा आणि दोन्ही मर्यादेखाली आले तरच तोडायला जा.