लेन्स नव्याने लावणाऱ्या मैत्रिणीसाठी

अगं, लेन्स लावायला हात आठवड्याभरात बसेल, त्याची काळजी नको. मला काळजी आहे ती पाण्याची. नळाचं पाणी, फिल्टरचं पाणी, उकळून गार केलेलंसुद्धा, लेन्सला लावायचं नाही. पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते. म्हणून अंघोळीआधी, पोहण्याआधी लेन्स काढायच्या. पावसाळ्यात येऊरला भिजायला जाताना सरळ चष्मा लाव. होळीलाही तेच.

हात साबणाने धुऊन कोरडे कर, पण टॉवेलचे धागे बोटाला राहतात, ते बघ. लेन्स बोटाच्या टोकावर धर. वाटीसारखी दिसली तर सरळ. कडा बाहेर फाकल्या असतील तर उलटी आहे. काजळ, मेकअप लेन्स लावल्यानंतर.

डबीतलं सोल्युशन रोज ओतून टाकायचं. कालच्यात थोडं नवं घालून भागवायचं नाही. बाटली महाग आहे, तरी नाहीच. डबी तीन महिन्यांनी बदल.

पनवेल लोकलमध्ये डुलकी लागते तुला, माहीत आहे मला. दमून परत येणार असशील त्या दिवशी चष्माच बरा, कारण लेन्स घालून झोपल्याने जंतुसंसर्गाचा धोका कैक पटींनी वाढतो.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढ. केमिस्टकडून थेंब आणू नकोस, त्यात स्टेरॉइड असलं तर संसर्ग बळावतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि लेन्स व डबी सोबत ने, तपासणीला लागतात.