एअर फ्रायरमधलं चिकन आणि भाज्या: पाणी कुठे राखायचं, कुठे उडवायचं

एअर फ्रायरवर रात्रीचं झटपट जेवण करणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असं मी मागच्या अंकात लिहिलं होतं. बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची निघाली: चिकन आणि भाज्या एकत्र केल्या की कुणाचं तरी बिघडतंच. म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

ताई, कामावरून आल्यावर अर्ध्या तासात जेवण व्हावं म्हणून एअर फ्रायर घेतला. बोनलेस चिकन, गाजर, सिमला मिरची, ब्रोकोली सगळ्याला तेल-मसाला चोळते आणि २०० अंशांवर २० मिनिटं लावते. चिकन वातड होतं, ब्रोकोलीचे तुरे काळे पडतात आणि गाजर मात्र कच्चंच. भाज्या आधी उकडून घेऊ का?

उकडू नका, त्यात वेळही जाईल आणि चवही. फक्त सगळ्यांना एकदम आत सोडू नका.

या यंत्रात वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते आणि तिच्यावर पंखा. तो गरम हवा लहानशा जागेत जोरात फिरवत राहतो. ओल्या पदार्थाभोवती दमट हवेचा पातळ थर असतो. हा वारा तो सतत उडवून लावतो, त्यामुळे वरचा भाग भराभर सुकतो. सुकल्याशिवाय खरपूसपणा येत नाही. वर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं, आणि तांबूस रंग, भाजल्याचा वास हे सगळं साधारण १४० च्या पुढे जोर धरतं. म्हणजे जो वारा चिकनला रंग देतो, तोच ब्रोकोलीच्या नाजूक तुऱ्यातलं पाणी ओढून तिला करपवतो. गाजराची गोष्ट वेगळी. बाहेर वारा कितीही सुटो, उष्णता त्याच्या गाभ्यात आपल्या चालीनेच शिरते.

तेव्हा वेळापत्रक असं ठेवा. दोघांसाठी ३५० ते ४०० ग्रॅम बोनलेस चिकन, दोन मध्यम गाजरं, एक सिमला मिरची आणि लहान ब्रोकोलीचा अर्धा गड्डा. चिकनचे तुकडे ३ सेंटिमीटरचे, गाजराच्या चकत्या १ सेंटिमीटर जाडीच्या. तापमान २०० अंशच राहू द्या. आधी एकटं गाजर टाका. ४ मिनिटांनी चिकन. आणखी ४ मिनिटांनी जाळी बाहेर काढून हलवा आणि मिरचीचे मोठे चौकोन घाला. १० व्या मिनिटाला ब्रोकोली. १५-१६ मिनिटांत सगळं एकदम तयार होतं. प्रत्येक यंत्राचा स्वभाव थोडा वेगळा असतो, म्हणून पहिल्या खेपेला १३ व्या मिनिटाला एकदा खण उघडून बघा. उघडल्याने काही बिघडत नाही. आतली जागा इतकी लहान असते की ती लगेच पुन्हा तापते.

आणखी एक. चिकन कागदी रुमालाने टिपून अगदी कोरडं करा, मगच तेल-मीठ लावा. ब्रोकोली मात्र धुऊन फक्त झटका, कोरडी करू नका. तुऱ्यांत अडकलेलं ते थोडंसं पाणी आधी वाफ होतं, देठ त्या वाफेवर शिजतो आणि तुरे करपायला उशीर लागतो. तेलही वरून शिंपडू नका, हाताने तुऱ्यांच्या आत चोळा. या सगळ्याला मिळून टेबलस्पूनभर तेल, म्हणजे १५ मिलिलिटर, पुरतं.

चिकन वातड होण्यात तुम्ही कोणता भाग आणता याचाही हात असतो. छातीच्या मांसात चरबी फार कमी, ते दोन-तीन मिनिटं जास्त राहिलं की संपलं. मांडीच्या मांसात चरबी जास्त असते, शिवाय चिवट धागे असतात आणि जास्त उष्णतेला ते विरघळून मऊ, लुसलुशीत होतात. माझ्या घरी एअर फ्रायरसाठी मांडीचंच चिकन येतं. फोनवर बोलता बोलता पाच मिनिटं इकडची तिकडे झाली तरी ते सांभाळून घेतं. छातीचंच हवं असेल तर तुकडे थोडे मोठे ठेवा आणि १० मिनिटांतच तपासा.

आमच्याकडे चार माणसं. मोठा, साडेपाच लिटरचा घेतला तरी चिकनला पाणी सुटतं आणि ते उकडल्यासारखं पांढरं राहतं. तापमान वाढवू का?

तापमान नका वाढवू, गर्दी कमी करा. लिटरचा आकडा उंचीसकट मोजलेला असतो. तुमच्या कामाचा आहे तो जाळीचा तळ. त्यावर एक थर मावतो, फार तर दीड. त्यापुढे तुकडे एकमेकांवर चढतात, मधे वारा शिरत नाही आणि सुटलेली वाफ तिथेच कोंडते. दोरीवर एकावर एक टाकलेले ओले कपडे वाळतात का? तसंच.

चौघांसाठी दोन खेपा कराच. आधी भाज्या करून बाहेर काढा, मग चिकन. चिकन झालं की ते ताटलीत ५ मिनिटं स्वस्थ बसू द्या आणि तेवढ्यात भाज्या पुन्हा २ मिनिटं आत ढकला. सगळं गरम वाढता येतं. मीठही भाज्यांना जाळीत टाकायच्या अगदी आधी लावा; झुकिनी आणि मशरूमला आधी मीठ लावून ठेवलं तर पाणी सुटून त्या डबक्यात बसतात. चिकनला मात्र अर्धा तास आधी लावलेलं मीठ मानवतं, आतपर्यंत मुरतं.

ताई, मी सत्तरीचा आहे, हल्लीच स्वयंपाक शिकतो आहे. चिकन तीन पाण्यांनी धुवावं असं ऐकत आलो. सून म्हणते, धुवायचंच नाही. आणि ते शिजलं हे ओळखायचं कसं? परवा तंगडी कापली तर हाडाजवळ लालसर दिसली, मी टाकून दिली.

काका, सुनेचं ऐका. कच्च्या चिकनवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जिवाणू असू शकतात. धुतल्याने ते जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंक, ओटा, शेजारी ठेवलेली कोथिंबीर असे सगळीकडे पसरतात. मारते ती आच. चिकन नुसतं टिपून घ्या, तो कागद लगेच कचऱ्यात टाका आणि हात साबणाने धुवा. भाज्या आधी चिरा, चिकन शेवटी. म्हणजे त्याच पाटावर आणि सुरीवर पुन्हा भाजी चिरायची वेळच येणार नाही.

शिजल्याची खूण रंग नाही, तापमान आहे. सर्वांत जाड भागात आत ७४ अंश सेल्सियस झालं की चिकन खायला सुरक्षित. त्यासाठी सुईसारखं टोक असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. बारा बटणांचा एअर फ्रायर घेण्यापेक्षा साधा एअर फ्रायर आणि हा थर्मामीटर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सुई आडवी, मांसाच्या मध्यापर्यंत खुपसा. हाडाला टेकू देऊ नका. तिथला आकडा मांसाचा नसतो. छातीचं मांस ७४ ला लगेच बाहेर काढा. तंगडी आणि मांडी मात्र ८० ते ८५ पर्यंत जाऊ दिली तर जास्त मऊ लागते. तंगडीला १९० अंशांवर २२ ते २५ मिनिटं धरा, मधे एकदा उलटा.

हाडाजवळचा लालसरपणा बहुतेक वेळा मगजातल्या रंगद्रव्याचा असतो. कोवळ्या पक्ष्याच्या हाडातून तो शिजतानाही बाहेर झिरपतो. तुमची ती तंगडी कदाचित उत्तम शिजलेली असेल, पण मोजल्याशिवाय ते कळलं नसतं. तेव्हा टाकलीत त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

सालीसकट चिकन केलं की धूर येतो. यंत्र बिघडलं का?

बहुधा नाही. सालीची चरबी वितळून खालच्या तापलेल्या खणात पडते आणि जळते, त्याचा हा पांढरा धूर. यंत्राच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर जाळीखाली खणात दोन-तीन चमचे पाणी ओतून ठेवा, थेंब पाण्यात पडतील. तापमान १८० वर आणा आणि शेवटची ४ मिनिटं २०० करा. सालही कुरकुरीत होईल. मागच्या खेपेचा तेलकट थर खणात राहिला असेल तर त्याचाही धूर होतो, म्हणून दर वेळी घासा. वरची कॉइलसुद्धा कधीमधी, यंत्र पूर्ण थंड असताना, प्लग काढून, ओल्या फडक्याने पुसा. काळा धूर आला तर प्रयोग नकोत. बंद करा, प्लग काढा, धूर थांबल्यावरच खण उघडा.

मध, सोया सॉस आणि लसूण यांत चिकन मुरवते. वरून काळं होतं, आतून कच्चं. शिवाय बेसनासारख्या पातळ पिठात बुडवून भाज्या केल्या तर सगळं पीठ खाली गळालं.

मधातली साखर करपते आणि बारीक लसूण त्याच्याही आधी. मुरवा सोया सॉस आणि ठेचलेल्या लसणात, मात्र जाळीत टाकण्याआधी ते निथळून, लसूण पुसून काढा. मध शेवटच्या ३ मिनिटांत ब्रशने लावा. मुरवणाचं उरलेलं पाणी वरून ओतायचं असेल तर खळखळून उकळून घ्या. त्यात कच्चं चिकन होतं.

पातळ पिठाचं हे काम नाही. कढईत गरम तेल पिठाला त्याच क्षणी पकडतं. वारा त्याला पकडत नाही, फार तर उडवतो. कुरकुरीत आवरण हवं तर फेटलेलं अंडं आणि त्यावर तेल चोळलेला ब्रेडचा चुरा, घट्ट दाबून.

एअर फ्रायरमधलं जेवण खरंच आरोग्याला चांगलं का? घरात यावरून रोज वाद होतो.

कशाशी तुलना करता, त्यावर आहे. तेलात बुडवून तळण्याच्या जागी हा वापरलात तर तेल पुष्कळ वाचतं, वादच नाही. आधीपासून तव्यावर चमचाभर तेलात परतत असाल किंवा वाफवत असाल, तर हा आल्याने ताटात विशेष फरक पडलेला नाही. वाचतो तो वेळ आणि ओट्यावरचे शिंतोडे. १५०० वॉटचं यंत्र २० मिनिटं चाललं तर जास्तीत जास्त अर्धं युनिट वीज लागते, तेवढं गृहीत धरा.

चिकनबरोबर बटाटे करणाऱ्यांसाठी एक सूचना. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं अपायकारक समजलं जाणारं रसायन तयार होऊ लागतं, आणि ते जितकं कमी पोटात जाईल तितकं बरं. बटाट्याचे तुकडे अर्धा तास पाण्यात भिजवा, पुसा आणि सोनेरी झाले की थांबा. तपकिरी होण्याची वाट पाहू नका. २ सेंटिमीटरच्या फोडींना १८-२० मिनिटं लागतात, म्हणून त्या चिकनच्याही बऱ्याच आधी आत गेल्या पाहिजेत.

जाळी घासायचा कंटाळा येतो. आत बटर पेपर घातला आणि तेलाचा स्प्रे मारला तर चालेल ना?

कागद चालेल, दोन अटींवर. रिकाम्या तापणाऱ्या यंत्रात तो कधी टाकू नका. वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो. चिकन ठेवलं की मगच कागद दबून राहतो. दुसरं, तो जाळीच्या तळापेक्षा लहान आणि भोकं पाडलेला असावा. नाहीतर खालून वारा येण्याची वाट तुम्हीच बंद केलीत. मी स्वतः वापरत नाही. गरम पाणी आणि साबण घालून जाळी जेवण होईपर्यंत भिजत ठेवली की घासावी लागतच नाही.

दाबाच्या डब्यातल्या स्प्रेत बऱ्याचदा लेसिथिन असतं. त्याचा चिकट थर नॉनस्टिक लेपावर बसतो आणि लेप खराब करतो. साध्या फवाऱ्याच्या बाटलीत तेल भरा, किंवा हाताने चोळा. हातासारखं काही नाही.

फ्रीजरमधलं चिकन आणि पाकिटातल्या गोठलेल्या भाज्या थेट टाकता येतील?

भाज्या हो, आणि वितळवूच नका. वितळल्या की त्या लगदा होतात. २०० अंशांवर कोरड्याच टाका, ५ मिनिटांनी वरचा बर्फ उडाला की तेल-मीठ लावून आणखी ५-७ मिनिटं.

चिकनचे तुकडे गोठून एकमेकांना चिकटले असतील तर नाही. गोळ्याची बाहेरची बाजू करपेल आणि मधला भाग बर्फच राहील. सुटे, पातळ तुकडे असतील तर १८० वर ठेवा, नेहमीच्या दीडपट वेळ धरा आणि ७४ मोजल्याशिवाय वाढू नका. त्यापेक्षा सकाळी निघताना चिकन फ्रीजरमधून काढून खालच्या फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. खाली खोलगट ताटली हवी, सुटणारं पाणी इतर अन्नावर गळायला नको. सकाळी काढायची आठवण राहत नसेल तर रात्री झोपतानाच काढून ठेवा. उरलेलं शिजलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं तर तीन दिवस छान राहतं, आणि १७० अंशांवर ४ मिनिटांत पुन्हा गरम होतं. भाज्या मात्र त्याच्याबरोबर आत टाकू नका, त्यांना शेवटचं एक मिनिट पुरे.